शनिवारची बॅटरी

मोटारीची बॅटरी घरच्या घरी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. हे वाक्य माझं नाही, माझ्या नवऱ्याचं आहे. त्या शनिवारी सकाळी साडेसातला त्याने ते पहिल्यांदा उच्चारलं, मग साडेनऊला, मग सव्वाअकराला. दुपारी दोन वाजता शेवटचं उच्चारलं, तेव्हा त्यात पूर्वीचा जोम राहिला नव्हता.

माझा नवरा, म्हणजे कल्याण, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विजेच्या धड्यावर त्याचा असा जीव आहे की तो शिकवून झाला की वर्गाला पेढे वाटतो. घरातले बल्ब मात्र मी बदलते. तो खालून स्टूल धरतो आणि मला विद्युतरोध समजावून सांगतो. एरवी घरात मी त्याला अरे-तुरे करते, चारचौघांत अहो-जाहो, आणि डोकं फिरलं की घरातही अहो. त्या दिवशी मी किती वेळा ‘अहो’ म्हटलं याला गणती नाही.

पुढचं सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकते. बॅटरी मी संपवली. शुक्रवारी संध्याकाळी मी डिकीत सामान भरलं: डायपर, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, तापाचं औषध, आणि ते सांडलं तर म्हणून तापाचंच दुसरं औषध. मग सगळं घेतलं का हे बघायला डिकी पुन्हा उघडली. मग डायपर मोजायला. मग मघाशी मोजले ते बरोबर मोजले का ते बघायला. चौथ्या खेपेला ती नीट बसली नाही आणि आतला दिवा रात्रभर जळत राहिला. सकाळी तो अगदी मलूल झालेला मला दिसला आणि मी डिकी हलकेच दाबून टाकली. माझं नाव सत्यशीला आहे. सत्यही आलं, शीलही आलं, पण हे मी दिवसभर लपवून ठेवलं.

आणि नेमकं त्याच दिवशी गाडी निघायला हवी होती.

माझे आईवडील पाथर्डीकडचे. दर वर्षी दिवाळी उरकली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, उन्हाळा लागला की परततात. लहानपणापासून आजतागायत त्यांचा ट्रक वळणाआड होईपर्यंत मी हात हलवत उभी राहिलेली आहे. एकही वर्ष चुकवलेलं नाही. चुकवलं तर काय होईल हे मी कधी मनात पूर्ण होऊ दिलेलं नाही. यंदा ट्रक बारा वाजता गावातून निघणार होता, नाशिककडच्या एका फॅक्टरीला. म्हणजे तो आमच्या राहात्यावरूनच जाणार, आणि आमच्या कॉलनीपासून हमरस्ता चारशे पावलांवर. पण थांबणार नाही. टोळीचा मुकादम गहिनीनाथ, त्याचा हिशेब सरळ होता. “एकीच्या लेकीसाठी थांबलो तर वाटंवरच्या परत्येक गावात कुनाची ना कुनाची लेक दिलेली हाय. मग ऊस काय पुढच्या दिवाळीला तोडायचा व्हय?” युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून आम्हीच पहाटे उठून, आवरून, बारा वाजायच्या आत गावी पोचायचं ठरवलं होतं.

कारण आमची गोजिरी नऊ महिन्यांची आहे. ती झाली तेव्हा आई फडात होती. नातीला तिने पाहिलं ते नात अडीच महिन्यांची झाल्यावर. आता गेली की येईल तेव्हा गोजिरी चालत असेल, बोलत असेल, आणि आजीला ओळखत नसेल. हे शेवटचं मी कल्याणलाही बोलून दाखवलं नव्हतं. व्हिडिओ कॉल आहेत म्हणा. पण आई व्हिडिओ कॉलवरही मोबाईल कानालाच लावते. त्यामुळे आमच्या मुलीच्या समजुतीप्रमाणे तिची आजी म्हणजे एक मोठा कान आहे.

तर साडेसातला कल्याणने किल्ली फिरवली. गाडी ‘टक’ एवढंच म्हणाली.

“बॅटरी उतरली,” तो म्हणाला, आणि मला वाटतं थोडा खूष झाला. “अर्ध्या तासाचं काम आहे. घरच्या घरी बदलू.”

“अहो, एसटीने जाऊ या ना. नगरला बदलून—”

“शीला, मी फिजिक्सचा माणूस आहे.”

त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर आम्ही आठची बस सोडली. भाड्याच्या गाडीसाठी तीन ठिकाणी फोन केले, तर तालुक्यातली प्रत्येक गाडी लग्नाला गेलेली.

एव्हाना समोरचे सूर्यभान तात्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं राहिल्याने इंजिनाबद्दल आपल्याला ड्रायव्हरपेक्षा तसूभर जास्त कळतं, असं त्यांचं मत आहे. त्यांनी बोनेटवर टिचकी मारली, कान लावला आणि निदान केलं.

“हवामान.”

“म्हणजे?” कल्याणने विचारलं.

“दिवाळीनंतरची थंडी बॅटरीला बाधते. किंवा मग उंदराने वायर खाल्लेली असणार. किंवा कोणीतरी काहीतरी चालू ठेवलेलं असणार.”

मी गोजिरीचं टोपडं नीट करायला लागले. ते नीटच होतं.

बॅटरी वॉरंटीत होती. म्हणून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, चारचाकीसाठी चार दाबा, असं दाबत दाबत वीस मिनिटांनी एका गोड आवाजापर्यंत पोचलो.

“सर, बॅटरीचा सिरीयल नंबर सांगा.”

“नंबर बॅटरीच्या मागच्या अंगाला आहे. बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही,” कल्याण म्हणाला.

“सर, ग्राहकाने स्वतः बॅटरी बाहेर काढली तर वॉरंटी संपते.”

“मग माणूस पाठवा काढायला.”

“नक्की पाठवू सर. तक्रार नोंदवायला सिरीयल नंबर सांगा.”

कल्याणने फोन ठेवला. वर्तुळाकार गती शिकवताना तो हेच उदाहरण देतो आता.

मग ठरलं की हमरस्त्यापलीकडच्या दुकानातून नवी बॅटरीच आणावी. इथे तात्यांनी हात वर केला. बस थांबवायची असली की करायचे तसाच.

“मास्तर, आज वार कोणता?”

“शनिवार.”

“शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतं. आपल्या जिल्ह्याच्या माणसाला हे मी सांगायचं?”

कल्याणच्या डोळ्यांत मी ती चमक पाहिली. बारावीच्या वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं की येते ती. “तात्या, बॅटरीत लोखंड नसतंच. शिसं असतं. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल.”

तात्या एक पाऊल मागे सरकले. “शिसं? अरे देवा! शिसं म्हणजे खुद्द शनिमहाराजांचा धातू. लोखंड असतं तर एक वेळ चाललं असतं!”

विज्ञानाचा एवढा झटपट पराभव मी प्रथमच पाहिला. आता मी स्वतः पदवीधर आहे, समाजशास्त्र घेऊन. अंधश्रद्धेवरच्या निबंधाला मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. पण तो निबंध लिहिला तेव्हा माझ्या कडेवर मूल नव्हतं आणि माझी आई ट्रकच्या टपावर बसून सत्तर कोस जायची नव्हती. (जात होती खरं तर. पण तेव्हा मी वेगळी काळजी करायचे.) मी म्हटलं, “अहो, विषाची परीक्षा कशाला?”

“शीला, तूसुद्धा?”

“मी मानत नाही. पण आज नको.”

हा तिढा सोडवला चांदबी खालांनी. खाला शेजारच्या घरात राहतात, लग्नाचे ब्लाउज शिवतात, आणि तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात फापटपसारा नसतो. “सकाळपासून काय बाजार मांडलाय? आमच्यात शनिवारचं काही नसतं. बॅटरी माझ्या ओट्यावर ठेवा. बॅटरी माझी. उद्या तुम्हाला देऊन टाकीन.”

“पण खाला, लागणार आज आहे,” मी म्हटलं.

“मग आज वापरायला दिली. तू माझ्याकडून वाटीभर साखर नेतेस, तेव्हा वार बघतेस का?”

तात्यांनी विचार करून याला मंजुरी दिली. एवढंच नाही, कल्याणच्या मागे मोटारसायकलवर बसून दुकानातही गेले, आणि नवी बॅटरी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरून घेऊन आले. “मी खरेदी केलेली नाही,” उतरताना त्यांनी मला बजावलं. “मी फक्त वाहतूक केली.”

बॅटरी खालांच्या ओट्यावर विराजमान झाली. पण गाडी आमच्या फाटकाच्या आत, आणि बॅटरी फाटकाच्या आत यायची नाही. म्हणून मग गाडी ढकलत बाहेर, खालांच्या दारासमोर आणली. (ढकलताना गियर टाकूनही पाहिला. ‘टक’सुद्धा झालं नाही.) अशा रीतीने घरच्या घरी बॅटरी बदलण्याचं काम शेजारच्या घरी सुरू झालं. तेव्हा साडेनऊ झाले होते आणि कल्याण म्हणाला, “अर्ध्या तासाचं काम आहे.”

जुन्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साठून खडा झाला होता. नट हलेना. खाला म्हणाल्या, कढत पाणी ओता. कढत पाणी होतं ते गोजिरीच्या थर्मासात: वीस मिनिटं उकळलेलं, गाळलेलं, पुन्हा उकळलेलं. ते पाणी मी माझ्या हाताने बॅटरीवर ओतलं. जिल्ह्यात इतक्या शुद्ध पाण्याने आंघोळ केलेली दुसरी बॅटरी नसेल.

“आधी मायनसची वायर काढायची, मग प्लसची,” कल्याणने जाहीर केलं, आणि खालांच्या शिलाई मशीनच्या खणातला पाना घेऊन खरोखर तसंच केलं. मला कौतुक वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, “एक नट कुठे गेला?”

नट खाली पडला नव्हता. इंजिनात दिसत नव्हता. ओट्यावर नव्हता. आणि ओट्यावर गोजिरी बसलेली होती, तोंड मिटून, विचारमग्न.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी तिच्या तोंडात बोट घातलं, ती चावली, मी ओरडले, ती हसली, मी तिला पालथी केली, उलथी केली, पुन्हा बोट घातलं आणि आत काहीतरी कडक लागलं. “आहे! आहे! आत आहे!” मी किंचाळले. खालांनी टाचण्या काढून ठेवल्या, गोजिरीचा ओठ अंगठ्याने वर केला आणि म्हणाल्या, “दात आहे. तिसरा. मुबारक.”

नट तात्यांच्या मुठीत होता. “मास्तरांनी धरायला दिला, मी धरला,” ते म्हणाले. “कोणी परत मागितलाच नाही.”

सव्वाअकराला जुनी बॅटरी बाहेर आली आणि नवी आत बसली. अगदी मापात. “अर्ध्या तासाचं काम,” म्हणत कल्याणने हात झटकले, लाल वायर ओढली, आणि ती चार बोटं अलीकडेच थांबली. त्याने पुन्हा ओढली. वायर काही लांबली नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“प्लस उलट्या बाजूला आहे.”

“म्हणजे?”

“बॅटऱ्या दोन प्रकारच्या येतात. प्लस डावीकडे, किंवा प्लस उजवीकडे. दुकानदाराने दुसरी दिली.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “तत्त्वतः काहीच फरक पडत नाही.”

“मग चालू करा ना!”

“वायर पोचत नाही.”

बॅटरी फिरवून ठेवली, तर प्लस-मायनस दोन्ही पार मागे गेले आणि दोन्ही वायरी अपुऱ्या पडल्या. तात्यांनी सुचवलं की कपडे वाळत घालायची तार आहे, तिचा तुकडा जोडू. त्यावर मी जो ‘अहो’ म्हटला तो तात्यांना उद्देशून होता, पण कल्याणही दचकला.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, बदलून देतो, पण गाडी दाखवा. गाडीला लावून बघितल्याशिवाय बदलून देत नाही.

“अहो, गाडी चालत असती तर बॅटरी कशाला घेतली असती?” कल्याण म्हणाला.

“ते खरंय सर. पण गाडी आणा.”

बारा वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन आला. मागे ट्रकचं इंजिन धडधडत होतं, कोणाची तरी शेळी ओरडत होती.

“निगालो बाई. म्या म्हनलं जरा थांबू, माजी सत्या येतीया. गहिनीनाथ म्हनला, लई झालं मावशी, बसा वर.”

“आई, बॅटरी…”

“कळलं. जावाईबापूंनी सांगितलं सकाळी. असूं दे. लेकराला घिऊन एवढ्या लांब नगं हुतंच यायला.” मग इंजिनाच्या वरताण आवाज काढून म्हणाली, “रस्त्याला उबी ऱ्हा चारच्या सुमाराला. म्या उजव्या अंगाला बसलेय, हिरव्या पातळात. हात करते. बग दिसते का.”

मी “हो” म्हटलं.  कल्याणने पाना खाली ठेवला, हात पुसले, ते तसेच काळे राहिले, आणि गोजिरीला माझ्याकडून घेतलं. त्या वेळी त्याने कसलंही तत्त्व सांगितलं नाही. याची मी वेगळी नोंद ठेवली आहे.

दोन वाजता, जेवणाच्या ताटावर, त्याने सगळं एकत्र जुळवलं. दुकान हमरस्त्यापलीकडे. ट्रक हमरस्त्यावरून चारला येणार. म्हणजे साडेतीनला गाडी ढकलत रस्त्यापलीकडे न्यायची, दुकानदाराच्या दारात उभी करायची, आणि तिथूनच आईला हात करायचा. “तिथे पोचलो की अर्ध्या तासाचं…” असं म्हणून तो वरण ओतून घ्यायला लागला.

साडेतीनला मिरवणूक निघाली. मागे कल्याण, तात्या आणि वाटेत हौसेने सामील झालेले दोन अनोळखी गृहस्थ ढकलायला. स्टिअरिंगवर मी, कारण ढकलण्याच्या शास्त्रात माझा उपयोग नव्हता. गोजिरी खालांच्या कडेवर, बाजूने. नवी बॅटरी पुन्हा बाहेर काढून डिकीत ठेवली होती. ती फाटकाच्या आत कधीच गेली नाही, हे तात्यांनी जाताना सर्वांच्या लक्षात आणून दिलं.

हमरस्ता आला. तात्या मध्यभागी उभे राहिले आणि दोन्ही हातांनी वाहतूक थांबवली. बत्तीस वर्षांची हौस त्यांनी त्या दोन मिनिटांत भागवून घेतली. “चला, डबल बेल!” ते ओरडले. गाडी हलली.

आता मी गाडी बरी चालवते. पण त्या वेळी मी रस्ता बघत नव्हते. मी रस्त्याने कुठे हिरवं पातळ येतंय का ते बघत होते. त्यामुळे पलीकडच्या कडेला डांबर संपून जिथे खोल चर सुरू होतो, तिथे सरळ जायच्या ऐवजी मी तिरकी गेले. पुढचं डावं चाक धप्पकन चरात उतरलं, आणि गाडीचा मागचा अर्धा भाग रस्त्यावर आडवा राहिला.

सगळ्यांनी जोर लावला. गाडी जागची हलेना. रिक्षा, मोटारसायकली, लहान मोटारी कडेने निसटत होत्या. अडकली ती मोठी वाहनं. रांगेत ॲम्ब्युलन्स नाही ना, हे मी तीन वेळा उतरून बघून आले. तिसऱ्या वेळी रांगेतल्या चौथ्या वाहनाकडे माझं लक्ष गेलं. तो ट्रक होता. वर भांडी, गोधड्या, पाचटाच्या खोपीला लागणारे बांबू, एक शेळी, आणि उजव्या अंगाला हिरवं पातळ.

ट्रक धड थांबलाही नव्हता, तोवर आई उतरून आली. पन्नाशीची बाई. ट्रकला टेकवलेल्या फळीवरून उसाच्या मोळ्या वाहायची सवय आहे तिला. ती शिडीबिडी शोधत नाही. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं, आणि खालांसमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले.

गोजिरीने तिच्याकडे बघितलं. खालचा ओठ बाहेर आला. मग तिने असा भोंगा पसरला की मागच्या वाहनांनी हॉर्न बंद केले.

“अगं, आजी आहे ती! गोजू, आजी!” मी म्हटलं. मलाच रडू यायला लागलं.

“रडू दे गं,” आई म्हणाली. तिने नातीला घेतलंही, कडेवर बसवलंही. “मला बगून रडली, म्हंजी मला बगितलं तरी.”

तोवर ट्रकमधून टोळी उतरली होती. गहिनीनाथ केबिनमधून पायउतार झाला, आमच्या गाडीकडे, मग घड्याळाकडे बघत म्हणाला, “येवडंच व्हय? चला रं, दहा जनं लागा. उचला अन् ठिवा बाजूला.”

 ही माणसं दिवसभर मोळ्या उचलतात. आमची गाडी त्यांना म्हणजे एका मिनिटाचं काम. दिवसभर प्रत्येक अर्ध्या तासाचे दोन तास झाले होते, आणि नेमकं हे काम वेळेत होणार होतं.

माझे वडील सर्वांत पुढे होते. आण्णा बोलत नाहीत फारसं. त्यांनी वाकून बंपरला हात घातला, आणि सहज मान वळवून आईकडे पाहिलं. गोजिरीचं रडं नुकतंच हुंदक्यांवर आलं होतं. आण्णांनी हात काढून घेतला.

“थांबा,” ते म्हणाले. “आदी चाकं बगू द्या.”

त्यांनी चरात गेलेलं चाक बघितलं. मग दुसरं बघितलं. मग मागची दोन, जी डांबरावर सुखात होती, ती लाथ मारून बघितली. मग चपटा दगड मागवला. दगड आला, तो त्यांना पसंत पडला नाही. दुसरा मागवला.

“हनुमंता,” गहिनीनाथ आण्णांना म्हणाला, “जल्मात चाक बगितलं न्हाई का तू?”

तात्यांनी आण्णांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि घसा साफ केला. “कोणीही वाहनाला हात लावायचा नाही!” ते गरजले. “अपघातग्रस्त वाहन पंचनाम्याशिवाय हलवता येत नाही.”

“कसला अपगात? चाक चरीत गेलंय!”

“ते पंचनाम्यात येईल.” तात्यांनी खिशातून किराणा मालाची यादी काढली, उलटी केली, आणि पेन उघडलं. “वाहनाचा रंग? मास्तर, हा पांढरा म्हणायचा की दुधी?”

“तात्या, त्याआधी गुरुत्वमध्य पाहावा लागेल,” कल्याण म्हणाला. मग त्याने बोनेट उघडलं आणि दहा ऊसतोड कामगारांना गाडी कोणत्या बाजूने उचलली असता किती जोर वाचतो हे, बॅटरी नसल्यास आणि बॅटरी असल्यास, दोन्ही रीतींनी समजावून द्यायला घेतलं. लग्नाला चार वर्षं झाली. त्याचं समजावणं लवकर संपू नये अशी प्रार्थना मी त्या दिवशी पहिल्यांदा केली.

आई चराच्या पलीकडे बांधावर बसली होती. गोजिरी तिच्या मांडीवर. आईने तिचे पाय चाचपले, टाचा बघितल्या, डोकं हुंगलं. काय खाती, रातीची किती येळा उठती, पाटीला तेल लावती का न्हाई. मी भराभरा उत्तरं देत होते आणि मधे मधे मलाच विचारायचं होतं ते राहून जात होतं. “तुझे गुडघे?” मी विचारलं. “हायेत की,” ती म्हणाली. खालांनी कुठूनसा चहा आणला. आईने कप तसाच हातात धरून ठेवला. गोजिरी तिच्या कपाळावरच्या गोंदणाकडे टक लावून बघत होती. मग तिने बोटाने ते टोकरून बघितलं, निघतंय का म्हणून. आई हसली, तशी तीही हसली.

गहिनीनाथने ते पाहिलं.  खिशातून तंबाखूची पिशवी काढली, तळहातावर चिमूट घेतली, आणि टोळीकडे वळून म्हणाला, “चुना हाय का रं कुनाकडं?” चुन्याची डबी त्याच्या दुसऱ्या हातात होती. दोघातिघांनी खिसे तपासले आणि चुना नसल्याचं अगदी गंभीरपणे सांगितलं.

पण मागचे ड्रायव्हर काही आमच्या नात्यातले नव्हते. हॉर्न पुन्हा सुरू झाले. गहिनीनाथने तंबाखू दाढेत सरकवली. “चला,” तो म्हणाला. दहा जण वाकले आणि कढईतून भजं काढावं तशी आमची गाडी चरातून काढून दुकानदाराच्या दारात ठेवली. कल्याणचा गुरुत्वमध्य मधेच राहिला.

माणसं ट्रकवर चढली. आण्णांनी गोजिरीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याही ठेवला, आणि वर गेले. आई उठली. माझ्याकडे गोजिरी द्यायला लागली, पण गोजिरीने तिची तर्जनी मुठीत धरली होती.

आईने मुठीतलं एक बोट उघडलं. दुसरं उघडेपर्यंत पहिलं मिटलं. तिने पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. नऊ महिन्यांच्या मुलाची मूठ सोडवायला इतका वेळ लागत नाही. आणि माझ्या आईच्या मनगटात किती जोर आहे, हे मला चांगलं माहीत आहे.

ट्रकचं इंजिन सुरू झालं. केबिनच्या खिडकीतून गहिनीनाथने डोकं बाहेर काढलं. “मावशी!” त्याने हाक मारली. मग त्याची नजर त्या मुठीवर गेली.

“सावकास, मावशी,” तो म्हणाला. “लेकराचं बोट दुखंल.”